माझं नाव इतर हक्कात

काकांच्या धाकट्या मुलाचं लग्न ठरलं, पत्रिका देवापुढे ठेवून झाली, आणि त्याच संध्याकाळी आईने विषय काढला की काकांनी ताईच्या लग्नात किती दिले होते ते बघायला पाहिजे, नाहीतर ऐनवेळी पाकिटात काय घालायचं यावरून घोळ होतो. आहेराची वही होती आमच्याकडे, लाल कापडी बांधणीची, पण ती जुन्या घराच्या माळ्यावर वाळवीने खाल्ली. पुठ्ठे शाबूत आणि मधे नुसता भुगा. आई हळहळत होती तेवढ्यात बाबा पेपर खाली न करताच म्हणाले, "कॉम्प्युटरवर आहे."

"कुठल्या?"

"आपल्या. पहिल्या."

पहिला कॉम्प्युटर म्हणजे २००४ साली साताऱ्यात असेंबल करून घेतलेला, पेंटियम फोर, २५६ एमबी रॅम, ८० जीबीची हार्ड डिस्क, आणि टेबलाचे पाय वाकतील एवढा वजनदार मॉनिटर. तो भंगारात जाऊनही आता दहा वर्षं होऊन गेली. पण हार्ड डिस्क मी काढून ठेवली होती, सकाळ पेपरात गुंडाळून, त्या खणात जिथे घरातले सगळे मेलेले चार्जर ठेवलेले असतात. का ठेवली विचाराल तर सांगता येणार नाही. आपल्याकडे टाकून देण्याआधी प्रत्येक वस्तू काही वर्षं खणात काढते तसंच ते.

जुन्या चपट्या पट्टीवाल्या डिस्कला यूएसबी लावायची वायर ऑनलाइन मागवली, सोबत तिला वेगळा करंट देणारा ॲडाप्टर. लावल्यावर डिस्क आधी कुरकुरली, मग शिट्टी मारल्यासारखा आवाज करत फिरायला लागली आणि लॅपटॉपवर ई ड्राइव्ह दिसला. मला खरंच बरं वाटलं. आत 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज', त्याच्या आत माझा फोल्डर, ताईचा फोल्डर, बाबांचा फोल्डर. बाबांच्या फोल्डरवर डबल क्लिक केलं. या फोल्डरमध्ये जायची तुम्हाला सध्या परवानगी नाही, कायमची हवी असेल तर कंटिन्यू दाबा. कंटिन्यूवर ती निळी-पिवळी ढाल. दाबलं. स्क्रीन काळवंडली आणि मधोमध खिडकी आली, तिच्यात माझ्या मुलीचं नाव आणि खाली पासवर्डची रिकामी चौकट.

हे जरा सांगायला पाहिजे. आमच्या घरातल्या लॅपटॉपची ॲडमिनिस्ट्रेटर, म्हणजे सगळे अधिकार हातात असलेली, माझी मुलगी आहे, वय वर्षं चौदा, इयत्ता नववी. हे काही मुद्दाम ठरवलेलं नव्हतं. खोका उघडला तेव्हा मी ऑफिसात होतो, तिने आणि तिच्या आईने मिळून सेटअप केला, आणि विंडोजचा नियम असा की पहिलं अकाउंट जो काढेल तो ॲडमिन, नंतर येणारे सगळे स्टँडर्ड युजर. मी नंतर आलो. तेव्हापासून मला प्रिंटरचा ड्रायव्हर जरी टाकायचा झाला तरी हाक मारावी लागते. सुरुवातीला हे मला लागलं, खोटं कशाला बोलू. ईएमआय माझ्या खात्यातून जातो. बायको म्हणाली, "मग बदलून घे ना," आणि बदलता आलं असतंही, पण मी बदललं नाही, त्याचं कारण थोडं लाजिरवाणं आहे. माझा स्वतःचा ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून इतिहास चांगला नाही.

त्या २००४च्या मशीनवर आम्ही घरातले सगळेच ॲडमिन होतो. विंडोज एक्सपीत ते तसंच असायचं, सेटअपच्या वेळी जेवढी नावं टाकाल तेवढे सगळे राजे. त्याच्या आधी क्लासमध्ये विंडोज ९८ होतं, त्यात तर पासवर्डच्या खिडकीवर कॅन्सल दाबलं की आपण सरळ आत, म्हणजे दार होतं पण कडी दाखवण्यापुरती. तेव्हा परमिशन हा शब्दच आम्हाला माहीत नव्हता. मग पेन ड्राइव्ह आले आणि पेन ड्राइव्हबरोबर तो 'न्यू फोल्डर डॉट इएक्सई' आला. ज्यांनी ते दिवस काढलेत त्यांना आठवत असेल, पिवळ्या फोल्डरचा चेहरा लावलेला व्हायरस, फोल्डर समजून उघडायला जावं आणि तो तुमच्या हातानेच सुरू व्हायचा. कॉलेजच्या लॅबमधून मीच तो घरी आणला. मी ॲडमिन, म्हणून मी सुरू केलेला व्हायरसही ॲडमिन. त्याने पहिली गोष्ट काय केली तर चालू प्रोग्रॅम जिथून मारता येतात तो टास्क मॅनेजर बंद करून टाकला, म्हणजे आपण त्याला मारू नये. आणि टास्क मॅनेजर उघडायला गेलं की मेसेज यायचा, टास्क मॅनेजर तुमच्या ॲडमिनिस्ट्रेटरने बंद केलेला आहे.

मी रात्री साडेअकराला खुर्चीत बसून ते वाचलेलं मला अजून आठवतंय. माझ्या ॲडमिनिस्ट्रेटरने? अरे पण तो मीच ना? घरात दुसरं कोण जागं पण नाही!

२००७च्या सुरुवातीला विंडोज व्हिस्टा आलं आणि त्याने हा सगळा कारभार उलटा केला. आता तुम्ही ॲडमिन असलात तरी रोजच्या कामात तुम्हाला साध्या युजरचाच बिल्ला लावून फिरवलं जातं, आणि खरा अधिकार लागेल असं काही करायला गेलात की स्क्रीन काळवंडून विचारलं जातं, तुम्हीच करताय ना? लोक वैतागले. घड्याळ बघायला विचारायचं नाही पण घड्याळ बदलायला विचारायचं, फॉन्ट टाकायला विचारायचं, गेम टाकायला विचारायचं. पुढे २००८ साली मायक्रोसॉफ्टच्याच डेव्हिड क्रॉस नावाच्या प्रॉडक्ट मॅनेजरने एका परिषदेत सांगून टाकलं की हे आम्ही लोकांना त्रास व्हावा म्हणूनच घातलंय. म्हणजे त्रास लोकांना, पण रोख सॉफ्टवेअर करणाऱ्यांवर, कारण साधं कॅल्क्युलेटर लिहिणाराही तेव्हा आख्ख्या घराच्या किल्ल्या मागत होता, लोकांनी ओरड केली की ते सुधारतील असा हिशेब. हिशेब बराचसा बरोबर निघाला म्हणे. पण मला तेव्हा हे काही माहीत नव्हतं. मी त्या काळात नातेवाइकांमध्ये 'कॉम्प्युटरमधलं कळणारा' होतो, आणि कोणाच्याही घरी चहाला गेलो की चहा येईपर्यंत कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन ते विचारणं बंद करून द्यायचो. ते लोक खूश व्हायचे. किती घरांतल्या कड्या मी अशा काढून ठेवल्या असतील देव जाणे. आणि वर क्रॅक केलेली सॉफ्टवेअरं टाकून द्यायचो, ज्यांच्या सूचनांमध्ये पहिलीच ओळ असायची की अँटिव्हायरस बंद करा आणि रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर करा. चोर म्हणतोय कुत्रं बांधा आणि दार उघडा, आणि आम्ही 'हो हो, या' म्हणतोय.

पण खरी कमाल २०१० सालची. तेव्हा माझ्याकडे विंडोज ७ होतं, त्यात तो विचारण्याचा प्रकार जरा सौम्य झालेला, चार पायऱ्यांचा सरकपट्टा दिलेला, मी अर्थातच तळाच्या पायरीवर. एका जुन्या गेमचा फोल्डर डिलीट होत नव्हता. म्हणायचा ट्रस्टेड इन्स्टॉलरची परवानगी आणा. हा कोण ट्रस्टेड इन्स्टॉलर, मी तर कधी भेटलो नाही. दुसऱ्या एका फोल्डरने त्याहून कडी केली, तुम्हाला अमुक अमुकची परवानगी लागेल म्हणाला, आणि ते अमुक अमुक म्हणजे माझंच नाव! मी माझ्याकडून परवानगी आणावी. डोकं फिरलं. कुठेतरी वाचलं की मालकी आपल्या नावावर करून घ्यायची एक कमांड असते, टेकओन नावाची. ती मी एका फोल्डरवर चालवायची ती थेट सी ड्राइव्हवर चालवली, आतल्या सगळ्या फोल्डरांसकट, आणि वरून 'एव्हरीवन'ला फुल कंट्रोल देऊन टाकला. म्हटलं आता विचार मला काही. काळ्या खिडकीत ओळी पळत होत्या, सक्सेस सक्सेस सक्सेस, वीसेक मिनिटं. मी छाती फुगवून बघत होतो.

रीस्टार्ट केल्यावर स्टार्ट मेनू उघडेना. अपडेट होईना. काही प्रोग्रॅम उघडायचे आणि लगेच मिटायचे, जसं काही लाज वाटून. विंडोजच्या कितीतरी सर्व्हिसेस स्वतःच्या वेगळ्या नावाने चालतात, त्यांना आपापल्या फोल्डरवरचे नेमके हक्क लागतात, ते मी पुसून टाकलेले होते. दुकानातल्या मुलाने बघितलं, दोन मिनिटं काहीतरी टाइप केलं आणि म्हणाला, "दादा, फॉर्मॅट मारावं लागेल." दोन वर्षांचे फोटो त्या फॉर्मॅटात गेले, बॅकअप नव्हता, आणि बायकोला मी सांगितलं की डिस्क खराब झाली. आता हे ती वाचेल. असो.

तर मुद्दा असा की मला स्टँडर्ड युजर करून ठेवलंय ते योग्यच आहे, आणि मी हाक मारली. मुलगी आली, उभ्या उभ्या पासवर्ड टाइप केला, मी मान दुसरीकडे वळवली (घरात हा शिष्टाचार पाळतो आम्ही). माझा जुना फोल्डर उघडला, ताईचा उघडला. माझ्यात गाणी आणि कॉलेजच्या सबमिशनच्या फाइली, ताईच्यात लग्नाआधीचा बायोडेटा, त्यातली उंची एक इंच वाढवलेली. बाबांचा मात्र उघडेना. तिथे वेगळाच मेसेज, तुम्हाला प्रवेश नाकारण्यात आला आहे, हवा असेल तर सिक्युरिटी टॅबमध्ये जा.

"बाबा," मी हॉलमध्ये जाऊन विचारलं, "तुम्ही काही केलं होतं का?"

त्यांनी चष्मा काढला. "पासवर्ड लावला होता. २००६ साली. मग त्याने विचारलं प्रायव्हेट करू का, म्हटलं कर."

एक्सपीत हे होतंच. अकाउंटला पासवर्ड लावलात की तो विचारायचा तुमच्या फाइली खाजगी करू का, आणि 'येस, मेक प्रायव्हेट' म्हटलं की तुमच्या फोल्डरवरून बाकीच्या ॲडमिनांचीही नावं उडवायचा. सरकारी नोकरीत एमएस-सीआयटी सक्तीची होती म्हणून बाबांनी पन्नाशीत कॉलेजच्या पोरांच्या शेजारी बसून तो कोर्स केला होता, त्यात त्यांना शिकवलं होतं की पासवर्ड लावावा. त्यांनी लावला. आमच्या घरात त्या वर्षी सिक्युरिटीचं एकमेव शहाणं काम बाबांनी केलेलं होतं आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

सिक्युरिटी टॅब उघडला, बाबाही येऊन शेजारी बसले. वरती यादी असते ना कोणाकोणाला हक्क आहेत त्याची, तिथे एका माणसाच्या चित्रावर प्रश्नचिन्ह आणि समोर 'अकाउंट अननोन', मग एस-१-५-२१ आणि पुढे लांबलचक आकडे.

"हा कोण?"

"तुम्हीच आहात ते."

त्यांना हे पटेना. मग मी मला येतं तसं सांगितलं, की कॉम्प्युटर आपल्याला नावाने ओळखत नाही, अकाउंट काढताना तो एक नंबर पाडतो आणि फाइलीवर तो नंबर लिहितो. नाव फक्त दाखवायला. तो नंबर कोणाचा हे जुन्या विंडोजच्या वहीत लिहिलेलं, ते विंडोज आता चालू नाही, नव्या लॅपटॉपला ही डिस्क म्हणजे परगावची, त्याला नंबर दिसतो पण माणूस सापडत नाही. आणि आज मी या लॅपटॉपवर तुमच्याच नावाने, तोच पासवर्ड ठेवून अकाउंट काढलं तरी नंबर नवीन पडणार, म्हणजे तुम्ही दुसरेच.

बाबा हसले. इतक्या वेळात पहिल्यांदा. "म्हणजे सातबाऱ्यावर मयताचं नाव."

बाबा तलाठी होते आणि मंडळ अधिकारी म्हणून रिटायर झाले, आमच्याकडच्या भाषेत आधी भाऊसाहेब मग सर्कल. कोरेगाव, खटाव, माण असा सगळा दुष्काळी पट्टा फिरलेले. त्यांना एकदा सातबारा सापडला की मग त्यांना थांबवता येत नाही, आणि या वेळी मला थांबवावंसंही वाटलं नाही, कारण इतकी वर्षं जे मला इंटरनेटवर वाचून नीट कळलं नव्हतं ते त्यांनी कॉटवर मांडी घालून दहा मिनिटांत सांगितलं. एका गावात एका नावाची तीन-तीन माणसं असतात, त्यामुळे नावावर विश्वास ठेवायचाच नाही, गट नंबर बघायचा, खाते नंबर बघायचा, हा तुझा कॉम्प्युटर बरोबर करतो. आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली असतात, वारस नोंद कोणी केलेली नसते, सातबाऱ्यावर त्यांचंच नाव. जमीन तीच, पोरं तिथेच राबतायत, पण बँकेत कर्जाला गेले की नाही म्हणतात. "हे पोरगं येऊन भांडायचं माझ्याशी, भाऊसाहेब जमीन माझीये की. मी म्हणायचो तुझीच आहे रे बाबा, पण कागदाला माहीत नाही ना."

मग म्हणाले, मालकी वेगळी आणि हक्क वेगळे. नमुना सातवर भोगवटादार कोण ते असतं, आणि त्याच कागदावर इतर हक्काचा रकाना असतो, त्यात बँकेचा बोजा, कुळ, कोणाचा विहिरीत हिस्सा, कोणाची वहिवाट. मालक एक, पण त्याच विहिरीवर पाणी घ्यायचा हक्क भलत्याचा असू शकतो, आणि मालक असूनही मालकाला काही गोष्टी करता येत नाहीत. मी विचारलं त्या ट्रस्टेड इन्स्टॉलरचं काय, लॅपटॉप माझा (बरं, आमचा) आणि विंडोजच्या फोल्डरचा मालक तो कसा? ते म्हणाले, "ती वर्ग दोनची जमीन." भोगवटादार वर्ग १ आणि वर्ग २ असे प्रकार असतात. सरकारने दिलेली जमीन वर्ग २, कसायची, खायची, राहायचं, पण कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकायची नाही. विंडोजच्या आतल्या फाइली तशाच, चालवा, वापरा, पण परस्पर मोडीत काढायच्या नाहीत. आणि मी २०१० साली एव्हरीवनला फुल कंट्रोल दिला होता तेही त्यांना सांगून टाकलं. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "घराचं गायरान केलंस की."

स्क्रीन काळवंडून विचारण्याचा प्रकारही त्यांना लगेच समजला, उलट त्यांना तो आवडला. त्यांच्या काळी तलाठी फेरफार नोंद लिहायचा, संबंधितांना नोटिसा काढायचा, १५ दिवस हरकतीला द्यायचा, आणि तोवर सातबाऱ्यावर त्या फेरफाराचा नंबर पेन्सिलने. सर्कलने येऊन नोंद प्रमाणित केली की मग शाई. तलाठ्याच्या हातात सगळं दप्तर असायचं, मनात आणलं तर काहीही लिहिता आलं असतं, म्हणूनच शाई दुसऱ्याच्या हातात. मी म्हटलं पण इथे ॲडमिन असला तर पेन्सिलही त्याची आणि शाईही त्याचीच, नुसतं येस दाबायचं. यावर त्यांचं मत असं पडलं की तरी पेन बदलायला हात थांबतो की नाही. खरं तर त्या काळवंडण्यामागे कारणही आहे, त्या वेळी मागची स्क्रीन म्हणजे नुसता फोटो असतो, आणि ती खिडकी वेगळ्याच पडद्यावर उघडते, जिथे दुसरा प्रोग्रॅम येऊन तुमच्या वतीने येस दाबू शकत नाही. हे मी त्यांना सांगितलं. "म्हणजे चावडीवर यायचं आणि स्वतः सही करायची, घरी रजिस्टर पाठवायचं नाही," एवढं बोलून ते पाणी प्यायला उठले.

तर मग वारस नोंद. मुलीला पुन्हा हाक. तिने काळी खिडकी ॲडमिन म्हणून उघडून दिली, आणि मी तीच जुनी टेकओन कमांड, या वेळी तीन वेळा तपासून, फक्त ई ड्राइव्हवरच्या बाबांच्या एका फोल्डरवर चालवली. सक्सेस सक्सेस सक्सेस. पोटात गोळा आला होता, पण संपली. मी माझ्या अकाउंटमधून फोल्डर उघडायला गेलो.

ॲक्सेस इज डिनाइड.

पुन्हा गेलो. पुन्हा तेच. मग मालकाचं नाव बघितलं आणि मला आधी कळेचना, मग कळलं. कमांड चालवली मी, पण खिडकी तिच्या पासवर्डने उघडलेली, म्हणजे विंडोजच्या दृष्टीने ती कमांड तिनेच दिली, आणि टेकओनला वेगळं काही सांगितलं नाही तर मालकी कमांड देणाऱ्याच्या नावावर होते. शेवटी एक 'ए' लावला असता तर ॲडमिनिस्ट्रेटर्स नावाच्या सामाईक खात्यावर झाली असती. मी विसरलो. बाबांचा फोल्डर, सगळ्या उपफोल्डरांसहित, कायदेशीर, नातीच्या नावावर झाला होता. मधली पिढी गाळून.

बाबांना हे इतकं आवडलं की त्यांनी आईला स्वयंपाकघरातून बोलावून सांगितलं. आईला अर्धं कळलं असेल, पण मी वगळला गेलोय एवढं कळलं आणि तिलाही आवडलं.

"मग आता मला दे ना परमिशन," मी मुलीला म्हटलं. तिने खुर्ची ओढली, स्वतःच्या अकाउंटमध्ये गेली, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲड, माझं नाव. खाली चौकटींची रांग आली, फुल कंट्रोल, मॉडिफाय, रीड, राइट, प्रत्येकासमोर अलाउ आणि डिनाय. ती माझ्याकडे वळली. "तुला काय काय करायचंय?"

"काय म्हणजे? उघडायचंय."

"डिलीट वगैरे?"

"नाही."

तिने फक्त वाचण्यापुरत्या खुणा ठेवल्या. ओके दाबलं. मालक असला की दुसऱ्याला कितीही हक्क देता येतात, पण जेवढं काम तेवढेच द्यावेत हे तिला कोणी शिकवलं माहीत नाही, मी तर नक्कीच नाही. "बाबा, नीट बघ आणि काही बदलू नकोस," मला म्हणाली आणि दप्तर उचलून क्लासला गेली.

"इतर हक्कात नाव लागलं तुझं," बाबा म्हणाले.

फोल्डर उघडला. आत बदलीचे अर्ज, विनंती बदलीचे अर्ज, बदली रद्द करण्याचे अर्ज, आणि 'लग्न' नावाची एक एक्सेल फाइल. उघडली. सहा रकाने, दोनशे चौदा ओळी, आणि नावांच्या जागी सगळा चिखल. इंग्रजी मोठी अक्षरं, मधेच कंस, पाउंडाचं चिन्ह, डोक्यावर टोपी घातलेले ई आणि ओ. बाबा ऑफिसात सीडॅक या सरकारी संस्थेच्या डीव्हीबी टीटी सुरेख फॉन्टात टाइप करायला शिकले होते आणि घरीही त्यातच करायचे. युनिकोड, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी मराठीच दिसते ती पद्धत, आमच्या घरात तोपर्यंत आलंच नव्हतं. जुने फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षराला मराठीचा मुखवटा, मुखवटा नसेल तर खाली इंग्रजी अक्षरच दिसणार. रकमेचा रकाना तेवढा स्वच्छ, कारण बाबांनी खाली बेरीज लावली होती, आकडे आकडेच होते. ५०१, २५१, १०१, १००१, ५१.

सुरेख फॉन्ट शोधला, ताईच्या फोल्डरमध्येच एक कॉपी पडलेली होती. राइट क्लिक केल्यावर घाईत मी नेमकं सगळ्या युजरांसाठी इन्स्टॉल करायचं ते दाबलं, ढाल लावलेलं. स्क्रीन काळवंडली. मुलीचं नाव, पासवर्डची रिकामी चौकट. फक्त स्वतःपुरता टाकला असता तर विचारलंही नसतं, पण तेवढ्यात बाबा खुर्ची पुढे घेऊन यादीवर बोट फिरवायला लागले होते आणि मीही नो दाबून तसाच बसलो.

त्यांना नावं लागतच नव्हती. "ही मंडपातली पहिली पाकिटं. ५०१, हे आपले घरमालक. २५१, २५१, हे ऑफिसातले दोघं, एकाच गाडीवर आलेले. १००१, हे बघ काका. तुझ्या आईला सांग १००१, आणि त्याच्यासमोर कपड्यांच्या रकान्यात काहीतरी आहे बघ, ती पैठणी." एकोणीस वर्षांपूर्वीचा क्रम त्यांच्या डोक्यात तसाच्या तसा होता. मी विचारलं मग हा शेवटचा रकाना कसला, सगळ्यात जास्त चिखल त्यातच आहे.

"शेरा."

"आहेराला शेरा?"

त्यांनी आवाज खाली आणला. सातबाऱ्याच्या बारा नंबरला शेऱ्याचा रकाना असतो, सवय असते हाताला, म्हणाले, त्यात जमिनीबद्दल लिहितात आणि यात माणसांबद्दल लिहिलंय. कोणाला आपण किती दिले होते, त्यांनी किती परत केले, कोणी रिकामं पाकीट दिलं, कोण जेवून आहेर न देता गेलं. म्हणून प्रायव्हेट केला होता का, असं मी विचारलं तर नुसती मान हलवली. बोट खाली सरकत एका ओळीवर थांबलं. १०१. आणि शेऱ्यात तीन ओळींचा चिखल, आख्ख्या यादीतला सगळ्यात लांब.

"हा कोण?"

"तुझा मामा," असं ते म्हणाले, आणि हे मात्र हळू बोलायचं राहून गेलं.

स्वयंपाकघरातला मिक्सर बंद झाला.

"काय लिहिलंय माझ्या भावाबद्दल?"

बाबांनी लॅपटॉपचं झाकण अर्धं खाली केलं आणि माझ्याकडे वाकून विचारलं, "हे परत प्रायव्हेट करता येतं का रे?" मी म्हटलं येतं, पण माझ्याकडे फक्त वाचायचा हक्क आहे, मालक क्लासला गेलीये. त्यांनी घड्याळाकडे बघितलं. क्लास सुटायला अजून पाऊण तास होता आणि आई पदराला हात पुसत बाहेर येत होती.